उद्या सकाळी सातला

"किल्ली काढली तरी?" वायरमनने विचारलं.

"किल्ली काढली, दारं लावली, शिव्या घातल्या. दिवे बंदच होत नाहीत," म्हातारा म्हणाला. "ऐन उन्हात हेडलाइट लावून आलो. रस्त्यावरचा प्रत्येक जण हात करून सांगत होता. शेवटी मीच सगळ्यांना हात करायला लागलो."

शेजारच्या चौघांनी उतारावर ढकलून गाडी सुरू करून दिली होती. वर्कशॉपच्या दारात येऊन ती पुन्हा बंद पडली. पुढच्या सीटवर म्हाताऱ्याची बायको बसली होती. अंगावर शाल, डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी.

"काकूंना कशाला उन्हात आणलंत?"

"तिचाच हट्ट. मी येणार म्हणाली."

म्हातारा वायरमनला बाजूला घेऊन गेला. "हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. रात्रभर दिवे जळतात आणि सकाळी बॅटरी मेलेली. सोमवारी गाडी निघाली नाही, बुधवारीही नाही. अँब्युलन्स बोलावली तर ती दोन तासांनी आली, तोवर मशीनवर दुसरा पेशंट. आता उद्या सकाळी सातची वेळ आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, उद्याही चुकलं तर पुढचं त्यांच्या हातात नाही."

"मग रात्री बॅटरीची वायर काढून ठेवायची ना, काका. एक नट सैल करायचा असतो."

"मला त्यातलं काय कळतं?"

वायरमनने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि बॉनेट उघडलं. स्वतःची बॅटरी जोडली तसे दिवे लख्ख झाले. त्याने रिले बदलून पाहिला. दिवे जळतच होते. स्विच सोडवून हातात घेतला. तरी जळतच होते. मग त्याने फ्यूजबॉक्स खाली उतरवला आणि त्याच्या मागे टॉर्च मारला.

बॅटरीची तार थेट दिव्यांच्या तारेला जोडणारी एक काळी वायर होती, करंगळीएवढ्या लांबीची. दोन्ही टोकांना कथिलाचं सोल्डर, चकचकीत, एक थेंबही जास्त नाही. वर चिकटपट्टी नव्हती. मेण लावलेल्या दोऱ्याचे एकाला एक लागून वेढे दिले होते. पंचवीस वर्षांत त्याने गाडीत असं काम पाहिलं नव्हतं. काम करणाऱ्याचा हात बसलेला होता.

"हा बिघाड नाही, काका. हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

म्हातारा वाकला. त्या दोऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"उंदीर वगैरे असतील."

"उंदीर सोल्डर करत नाहीत. गाडी कुणाला दिली होती?"

"नाही. दवाखाना सोडला तर महिनाभर दारातच आहे."

"घरात कोण कोण?"

"आम्ही दोघंच. मुलगी लांब असते."

"नोकरी कुठे केलीत?"

"रेडिओच्या कारखान्यात. तीस वर्षं."

 वायरमनने पक्कड शोधायला जरा जास्तच वेळ लावला.

"ती वायर काढा आणि फेकून द्या," म्हातारा म्हणाला. "आणि हिच्यासमोर अवाक्षर काढू नका. माझी शपथ आहे."

वायरमनने वायर कापली. दिवे विझले. म्हाताऱ्याने खांदे सैल सोडले, पण त्याचा चेहरा काही मोकळा झाला नाही.

"फ्यूज जळालाय," वायरमन म्हणाला. "कोपऱ्यावरच्या दुकानात तीस अँपिअरचा मिळेल. तुम्ही घेऊन या, तोवर मी बॅटरी चार्जिंगला लावतो."

फ्यूज त्याच्या खणात मूठभर होते.

म्हातारा दिसेनासा झाल्यावर तो गाडीच्या खिडकीपाशी गेला. बाईंच्या पापण्या सुजल्या होत्या, पण नजर जागी होती.

"काकू, लहान तोंडी मोठा घास घेतो. तुमच्या माहेरचं कुणी आहे का?"

"भाऊ होता. का रे?"

"मुलीचा फोन नंबर पाठ आहे?"

"आधी झालंय काय ते सांगशील का?"

त्याने कापलेला तुकडा पुढे केला. "दिवे बिघडले नव्हते. ज्याने हे केलं त्याला तुम्ही उद्या सातला दवाखान्यात पोहोचायला नको आहात. घरात तुम्ही दोघंच. काका तीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात होते. बॅटरीची वायर काढता येत नाही म्हणतात. मला म्हणाले, हिला सांगू नका. आणखी काय बोलू? तुम्ही मला आईसारख्या. चौकीत जायचं तर आत्ता चला, मी बरोबर येतो. काकांना काय सांगायचं ते मी बघतो."

बाईंनी तुकडा तळहातावर घेतला. अंगठ्याने वेढे चाचपले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"यांना काय येतंय?" त्या म्हणाल्या. "हे गेटवर हजेरी घ्यायचे. घरातला बल्बसुद्धा कधी बदलला नाही त्यांनी. आत सोल्डरला आम्ही बायका बसायचो."

वायरमनचा हात खिडकीच्या काचेवर तसाच राहिला.

कोपऱ्यावर म्हातारा दिसला. हातात छोटी पुडी होती. रस्ता ओलांडायला तो गाड्यांना हात करून थांबवत होता, जवळजवळ धावत येत होता.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग वायरमनकडे.

"दिव्यांचं माझं चुकलंच. ते दिसतात," त्या म्हणाल्या. "हे यायच्या आत दुसरं काहीतरी कर. न दिसणारं."