बाजाराला काढलेलं घड्याळ

अंगद आणि त्यानं आणलेले व्यापारी व्यंकटराव जीपमधून उतरून अंगणात आले, तेव्हा चंद्रभागाबाईनं घड्याळ ताटात मांडून ठेवलं होतं. खाली धुतलेलं फडकं, काचेवर हळदीकुंकवाची बोटं, पट्ट्याला खोबरेल तेलाचा हात. डबी चुलीपाशी उघडी पडली होती आणि तिचं सील राखेत.

अंगद ताटाकडं धावला. "माय, हे काय केलंस?"

"काय केलं म्हंजे? गिऱ्हाईक येऊन राहिलं नव्हं? जनावर बाजाराला काढायचं तर धुवावं लागतंय, शिंगाला तेल लावावं लागतंय." ती पदराला हात पुसत म्हणाली, "चावीबी भरली. तुझ्या आज्याच्या घड्याळाला मीच देत होते की. मेल्यावाणी पडलेलं कोण घेईल?"

दारात उभ्या राजनंदिनीनं राखेतलं सील बघितलं. नांदेडच्या घड्याळाच्या दुकानात कामाला असलेल्या अंगददादानं घरी सगळं समजावून सांगितलं होतं. अशी तीनशेच घड्याळं निघाली, पुन्हा निघणार नाहीत, सील न तोडता ठेवलं तर शौकीन लोक दुप्पट पैसे मोजतात. पण तो सांगत होता तेव्हा माय मेंढरांमागं होती. आणि घड्याळ घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा राजनंदिनीनं आपली कबरी शेळी समोरच्या रुक्माबाईला दिली होती. बोली अशी, की कबरी व्यायच्या आत पैसे परत आले तर शेळी परत; व्याली तर शेळीही रुक्माबाईची आणि पिलंही. कबरीची कास आज सकाळपासून ताठ झाली होती; व्यायला एक-दोन दिवसच उरले होते.

व्यंकटराव बाजेवर बसले. त्यांनी ताट मांडीवर घेतलं.

"अंगद, हे मी पुढं मुंबईला देणार होतो," ते म्हणाले. "तिथला माणूस आधी सील बघतो. आता तो याला हात लावणार नाही."

"काहून?" चंद्रभागाबाई मध्येच बोलली. "खोट हाय का त्याच्यात? तुमी तोंड न बघताच घेता काय? आमच्यात दात बघितल्याबिगर कोणी दावं हातात घेत न्हाई."

"माय, तू गप बस," अंगद म्हणाला.

व्यंकटरावांनी घड्याळ फडक्यात गुंडाळायला घेतलं. गुंडाळताना ते पालथं झालं, आणि राजनंदिनीला त्याची पाठ दिसली.

पाठीला पत्रा नव्हता, काच होती. आणि काचेखाली, अगं बाई, ते जिवंत होतं. केसाहून बारीक तार आकसत होती, फुगत होती. एवढंसं सोनेरी चाक इकडं झुकायचं, तिकडं झुकायचं, दमायचं म्हणून नाही. त्याच्या आजूबाजूला डाळिंबाच्या कणीसारखे लाल खडे. नुकतंच पडलेलं कोकरू छातीशी धरलं की बरगड्यांखाली असंच काहीतरी धडधडतं, ते तिच्या हातांना ठाऊक होतं. पण डोळ्यांनी ते आजवर कुणी पाहिलं होतं? आणि हे माणसानं केलं होतं. कुठल्या तरी गावात अशी बोटं असलेला एक माणूस होता, आणि त्याच बोटांनी तो भाकरीही मोडत होता. तिला आपले हात एकदम नवे वाटले.

"काका, हलवू नका," ती म्हणाली.

एवढ्या मोठ्या माणसाला आपण हुकूम सोडला, हे तिला नंतर कळलं. व्यंकटराव मात्र खरंच हलले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. चहा आला, चहावर साय धरली.

"किती घड्याळं घेतली आणि किती विकली मी," ते हळू आवाजात म्हणाले. "डबीत आली, डबीतच गेली. चालताना आज पाहतोय."

"मग इतके दिवस तुमी डब्याच इकून राहिले व्हय?" चंद्रभागाबाई म्हणाली.

अंगदनं कपाळाला हात लावला. व्यंकटराव हसले, पण नजर काचेवरच होती.

"घेतलं त्या किमतीत देशील का?" त्यांनी विचारलं. "पुढं विकायला नाही. मला."

नफ्यातून पुढचं घड्याळ घ्यायचं, मग त्याच्या पुढचं, असं करत अंगदनं मनातल्या मनात नांदेडात दुकानाचा गाळासुद्धा बघून ठेवला होता. त्यानं बहिणीकडं बघितलं. रस्त्यापलीकडून कबरी ओरडली, जड आवाजात.

"दे, दादा," राजनंदिनी म्हणाली. "चालतं घड्याळ हाय. चालवणाऱ्याला देऊन टाक."

पैसे हातात पडताच ती अनवाणीच पळाली. रुक्माबाईनं तोंड वाकडं केलं, "दोन दिस कळ काढली असती तर काय झालं असतं गं पोरी," म्हणाली, पण शब्दाची बाई होती. तिनं दावं सोडून दिलं.

राजनंदिनी कबरीला सावकाश चालवत रस्त्यावर आली तर जीप अजून तिथंच. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. आत बसलेल्या व्यंकटरावांनी लगेच हात वर केला. इंजिन बंद झालं. त्यांचं मनगट कानाला लागलेलं होतं आणि डोळे मिटलेले.

"बिघडली का गाडी?" ओट्यावरून कुणीतरी विचारलं.

"न्हाई," ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब ऐकून राहिले."

राजनंदिनी होती तिथंच थांबली, आणि तिनं कबरीच्या गळ्यातली घंटी मुठीत घट्ट धरली.