एक सूत

काडतुसाची आणखी एक पितळी पुंगळी तोंडाशी टरकन फाटली आणि प्रीताने इंग्रजीत एक शिवी हासडली. मागे वळून बघते तर काय, बेसमेंटच्या जिन्यात धुवायच्या कपड्यांची बास्केट घेऊन सासरे उभे.

चारुदत्त, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, नकुलचे बाबा, ओहायोतलं घर विकून इथे स्टेट कॉलेज नावाच्या गावी लेकाकडे राहायला आले होते. बेसमेंटमध्ये ते फक्त वॉशिंग मशीनपुरते उतरायचे, आणि तेही शक्यतो प्रीता घरात नसताना. सून क्लबात जाऊन रिव्हॉल्व्हरने नेमबाजी करते, वर त्याची काडतुसंही घरातच भरते, हे काही त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. गेल्या आठवड्यात नकुलला एवढंच म्हणाले, सिनियर लोकांची ती अपार्टमेंट्स आहेत ना, एकदा बघून येऊ. उद्या सकाळी जायचं ठरलं होतं. आपल्यापायी माणूस घर सोडून निघालाय, हे प्रीताच्या जिवाला फार लागलं होतं. पण बोलणार काय? तिचं मराठी पाच-सात वाक्यांत आटपायचं आणि बाबांना तर तेवढंही बोलायची हौस नव्हती.

श्रूजबरीहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, “काय गं, सासऱ्यांशी सूत जुळलं का?” सूत म्हणजे दोरा, एवढं प्रीताला ठाऊक होतं. सासऱ्यांच्या गोष्टीत दोरा कुठून आला, हे काही तिला कळायचं नाही. “नॉट येट” म्हणून ती मोकळी व्हायची.

बाबा मशीनकडे न जाता तिच्या टेबलापाशी थांबले. बास्केट खाली ठेवली, डब्यातली एक फाटकी पुंगळी उचलली आणि चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरली.

“हे असं का होतंय?”

विचारणं बंदुकीबद्दल नव्हतंच, फाटक्या पितळेबद्दल होतं. सगळी हयात टूलरूममध्ये गेलेला माणूस! चुकीची बसलेली डाय, म्हणजे साचा, दिसली की त्याला चैन पडायची नाही.

प्रीताने अर्ध्या इंग्रजीत सगळं सांगितलं. काडतुसं दोन प्रकारची, थर्टी-एट आणि थ्री-फिफ्टी-सेव्हन. जाडी दोघांची एकच, फक्त दुसरं जरा उंच. म्हणून पुंगळीचं तोंड जरा फुलवणाऱ्या डायचा सेट दोघांना मिळून एकच पुरतो. उंच पुंगळी लावायची असेल तेव्हा डायखाली एक रिंग घालायची, की डाय तेवढी वर उचलली जाते. ती रिंगच हरवली होती. अंदाजाने डाय वर-खाली करून बघत होती आणि एकेक पुंगळी फुकट जात होती. दारू भरायचं तर अजून लांबच होतं.

“नावं दोन आणि माप एक?” बाबांना गंमत वाटली. “रिंग किती जाड होती?”

“वन एट्थ ऑफ अॅन इंच. थोडी जास्त.”

“म्हणजे एक सूत.”

प्रीताचा हात प्रेसच्या लीव्हरवरच राहिला. “सूत? लाइक, थ्रेड?”

“दोरा नव्हे गं. माप आहे. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. भोसरीला आम्ही सुतातच बोलायचो.”

एवढं बोलून ते वर गेले. झालं, गेले, असं प्रीताला वाटलं. पण लगेच परत आले, ते फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला त्यांचा जुना व्हर्नियर घेऊन. मग नळाच्या सामानाचा डबा उपडा केला आणि वॉशर मोजायला बसले. हा जाड, तो बारीक, असं करत दोन पातळ वॉशर एकावर एक ठेवून मोजले आणि खूश होऊन मान हलवली.

दोन्ही वॉशर डायखाली बसले. प्रीताने लीव्हर ओढला. पुंगळीचं तोंड हवं तेवढंच उमललं. बाबांनी कडेवरून बोट फिरवलं, मग वॉशर काढून बुटकी पुंगळी लावायला सांगितली. तीही नीट निघाली.

“नांदतायत की दोघं एका डायवर,” ते म्हणाले. मग, “हे बंदुकीचं मला पटत नाही हं. अजूनही नाही.”

“आय नो, बाबा.”

“पण जुगाड तर त्याहून पटत नाही. उद्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊ. एकच जाड रिंग बघू.”

“उद्या तर तुमचं ते अपार्टमेंट...”

“ते काय पळून जातंय? नकुलला सांग, कॅन्सल कर.”

आणि स्वारी कपडे मशीनमध्ये घालायला वळली. प्रीताला हसू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. श्रूजबरीच.

“काय गं, जुळलं का सूत?”

“जुळलं, आई. एक जुळलं,” प्रीता म्हणाली. “दोन वॉशर लागले.”