फळ्यावरचा भाव

"भाव विचारायचा नाही, पोरी. रांगेत उभं राहायचं, विकत घ्यायचं, मग लिहायचं. विचारणाऱ्याला एक भाव असतो, घेणाऱ्याला दुसरा." पहिल्या दिवशी भावांची वही हातात देताना म्हाताऱ्या साहेबांनी बजावलं होतं. तिने शब्दही दिला होता.

साहेब निवृत्त झाले आणि तिने फोन जवळ केला. दर महिन्याला रॉकेलवाल्याला विचारायचं, "काय भाव?" तो दुकानातला फळा वाचून दाखवायचा. फळ्यावरचा आकडा तीन वर्षांत हलला नव्हता. हीसुद्धा खुर्चीतून हलली नव्हती. पंख्याखाली बसून महागाई मोजून व्हायची. त्या आकड्यांवरून कामगारांचा भत्ता ठरायचा.

आज कचेरीतली झाडूवाली मावशी सूचनांच्या फलकापुढे थबकली. "वाचा हो ताई, काय लिहिलंय? चष्मा घरी राहिला."

तिने वाचलं. भाव स्थिर असल्याने यंदा महागाई भत्त्यात वाढ नाही.

"स्थिर?" मावशी फिसकन हसली. "फळ्यावरच्या भावाने मागितलं की मेला म्हणतो, रॉकेल संपलं. दुप्पट काढले की मागच्या दाराने धो धो वाहतं! आमचा स्टो आता दिवसातून एकदाच पेटतो. संध्याकाळी नातवंडं गारढोण गिळतात, आणि मी म्हणते, गार खाल्लं की दात बळकट होतात." हसता हसता तिचा आवाज बसला. "ताई, तुमची वरच्या लोकांत ऊठबस. ही महागाई मोजतो तरी कोण? त्या शहाण्याला एकदा माझ्याबरोबर रांगेत उभा करा. आणाल?"

टेबलावर तिचीच वही उघडी पडली होती. तिने ती हळूच मिटली.

"आणीन," एवढंच ती म्हणाली. मावशीच्या नजरेला नजर देववली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना तिच्या ओठांवरच अडली. ती तशीच उठली. माळ्यावरचा रिकामा कॅन काढला, वही पिशवीत घातली आणि कुणाला न सांगता बाहेर पडली.

रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. ती मावशीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अगंबाई, ताई! तुम्ही इथे?" मावशीने तिच्या मागे डोकावून पाहिलं. "आणि तो कुठाय? आणणार होतात ना त्याला?"

तिने मान खाली घातली.

"आणलंय, मावशी."