जोडीचा धवला

भिवंडीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी विद्युल्लता सत्त्याण्णव साली सत्तरीच्या धोंडूबाईंवर पहिली फिल्म करत होती. खारबाव गावात लग्नाचे धवले गाणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. शॉटची यादी तिने सॉफ्टवेअरमध्ये भरली होती. त्या सॉफ्टवेअरने उजेडाच्या हिशेबाने गाणं संध्याकाळी टाकलं. पण शूटिंगच्या दिवशी सकाळीच धोंडूबाईंना धाप लागली. “बाय, गाना आधी घे. सांजंपर्यंत दम ऱ्हाईल का न्हाय, ठाव न्हाय.” विद्युल्लताने छापील यादी पिशवीत कोंबली, कॅमेरामनकडून कॅमेरा अंगणात लावून घेतला. तिसऱ्या कडव्यात धोंडूबाईंचा आवाज तुटला. तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेल्या त्यांच्या सुनेने पुढची ओळ उचलली. “हे यादीत नाही, थांबवू?” कॅमेरामनने हळूच विचारलं. “नको! तिच्याकडे वळव,” विद्युल्लता कुजबुजली. गाणं शेवटपर्यंत गेलं. “तुला धवला कवा आला गं?” धोंडूबाईंनी विचारलं. “तुमचं आयकून,” सून लाजली. “मंग पुढल्या लग्नाला माझ्या जोडीला बस.”