पॅडलवरचा पाय

"बाबा, खरं सांगा, आमच्या दोघींत तुमची जास्त लाडकी कोण?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, हे विचारून दाखव म्हणून. धाकटीने विचारलं. तेही ताईच्या गाडीत, ताईच्या सीटवर बसून, ब्रेकच्या पॅडलवर उजवा पाय ठेवून. गाडी चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवली होती, चाकं काढून गॅरेजच्या भिंतीला टेकवली होती. बाबा मागच्या चाकाच्या जागी जमिनीवर आडवे झाले होते. आरशात त्यांचे फक्त बूट दिसत होते.

"दाब," बूट म्हणाले.

तिने दाबलं. एवढंच उत्तर मिळालं, आणि तिला ते पुरेसं होतं. लाडकी कोण, ते अख्ख्या गॅरेजला दिसत होतं. ताई उद्या घाटातल्या शर्यतीत उतरणार म्हणून तिच्या गाडीला नवे ब्रेक पाइप आले होते. साधे रबराचे नाहीत, वरून स्टीलची बारीक जाळी विणलेले. रबरी पाइप उतारावर तापले की फुगतात आणि पॅडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं. स्टीलचे फुगत नाहीत. हे बाबांनी आठवडाभर जेवताना सांगितलं होतं, जेवणानंतर सांगितलं होतं, आणि एकदा तर तोंडात ब्रश असताना. खोक्यातून पाइप निघाले तेव्हा त्यांनी ते मऊ फडक्याने पुसून घेतले. धाकटीसाठी घरात शेवटचं नवंकोरं काय आलं, ते तिला आठवेना. सायकल ताईची. कंपासपेटी ताईची. कांजिण्यासुद्धा ताईच्या वापरून झाल्यावर तिच्याकडे आल्या होत्या.

पलीकडे स्टुलावर बसून आई ताईच्या शर्यतीच्या जाकिटावर नंबर शिवत होती.

नवे पाइप बसवले की आतली एअर काढावी लागते, नाहीतर ऐन वेळी ब्रेक लागत नाही. वरच्याने पॅडल दाबून धरायचं. खालच्याने चाकाजवळचा बारीक स्क्रू सैल करायचा, म्हणजे बुडबुड्यांसकट ब्रेक ऑइल बाहेर येतं. स्क्रू पुन्हा घट्ट झाला की खालचा "सोड" म्हणतो. मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेल्या कामावर पाणी. धाकटी हे सहावीपासून करत होती. हे काम एखाद्या विटेनेही केलं असतं, असं तिचं मत होतं.

तीन चाकं झाली. शेवटचं ड्रायव्हरजवळचं. बाबा पुढे आले, खाली वाकले. आता तिला त्यांचा नुसता विरळ भांग दिसत होता.

"दाब. धर."

स्क्रू सैल झाला. तेवढ्यात ताई नवे हातमोजे घालून आली आणि कसे दिसतात म्हणून दोन्ही हात नाचवू लागली. बाबांनी मान वळवली. हिच्यासारखं स्टिअरिंग धरणारा अजून आपल्या पाहण्यात नाही, असं ते आईला ओरडून म्हणाले. आई दातांत दोरा धरूनच हसली.

धाकटीचा पाय उचलला गेला. दोन बोटं, जास्त नाही. पॅडल पायाबरोबर वर आलं. मग तिने ते परत दाबलं.

कुणी पाहिलं नाही. बाबांनी स्क्रू आवळला, सोड म्हणाले, एकदा परत दाबायला लावलं आणि विचारलं, कसं लागतंय.

"कडक," धाकटी म्हणाली.

कडक नव्हतं. तळाशी ते ओल्या स्पंजासारखं दबत होतं.

बाबा चाकं चढवायला लागले. एरवी हा माणूस वीस वर्षं जुन्या मेकॅनिकच्या कामावरसुद्धा स्वतः बसून पॅडल दाबल्याशिवाय विश्वास ठेवत नसे. आज त्यांनी आत डोकावूनही बघितलं नाही. ताईने विचारलं, मी एकदा दाबून बघू का? ती कडक म्हणाली ना, मग झालं, असं म्हणून बाबांनी पान्याला हिसका दिला.

ताईचे हातमोजे खाली आले.

"बघ ना गं आई. गाडी माझी, शर्यत माझी. पण इतक्या वर्षांत मला एकदा तरी पॅडलवर बसवलंय का यांनी? कायम हीच."

ती थट्टा करत नव्हती. तिचा खालचा ओठ पुढे आला होता. तो ओठ धाकटीने रोज आरशात पाहिला होता, स्वतःचा.

"खाली झोपलेल्याला वरचा पाय दिसत नाही, बाई," बाबा नट आवळता आवळता म्हणाले. "तुझा पाय घाई करतो. तिथे मी आजवर दोघींनाच बसवलंय. आधी तुझ्या आईला. आता हिला."

आईने वर न बघता मान हलवली आणि दोरा तोडला.

चौथं चाक बसलं. घोड्या निघाल्या, गाडी जमिनीवर टेकली. डोंगराच्या उतारावर एक फेरी मारून येते, असं म्हणत ताईने दार उघडलं आणि धाकटीला उठायची खूण केली. आई जाकीट घेऊन आली. बाबा फडक्याला हात पुसत होते.

धाकटी उठली नाही. तिने किल्ली काढून मुठीत घेतली. मूठ मांडीखाली दाबली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. गाडी कुठे जाणार नाही. चाकं परत काढायची आणि सगळं पहिल्यापासून करायचं," ती म्हणाली. "आणि पॅडलवर ताई बसेल. मघाशी स्क्रू उघडा असताना मी पाय उचलला होता."