पोपटीच्या शेंगा

खालापूरजवळच्या आपल्या वालाच्या शेतात चंद्रभागाबाईंनी बांबूचे पक्षीथांबे रोवले होते. त्यांवर कोतवाल पक्षी बसायचे आणि शेंगा पोखरणाऱ्या अळ्या टिपून खायचे. फवारणीची गरजच पडत नसे.

शेजारच्या फार्महाऊसवाल्या केतनशेठना निसर्गाची फार आवड, फक्त तो पाखरांच्या शिटेच्या रूपात नव्या गाडीच्या टपावर पडलेला त्यांना चालत नसे. एका शनिवारी त्यांनी सगळे थांबे उपटून शेकोटीत घातले.

"शेठ, माझ्या वालाला अळी लागंल की!"

"मावशी, ते माझं टेन्शन नाही."

पाखरं गेली आणि महिन्याभरात अर्धा वाल अळीने पोखरला. बाई भांडायला गेल्या नाहीत.

फेब्रुवारीत केतनशेठकडे होणारे व्याही आले, पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी. त्यांच्यासाठी मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावायचं ठरलं आणि पाच किलो शेंगांचा निरोप बाईंकडे गेला. बाईंनी दुपारभर ओटीवर बसून एकेक शेंग उजेडात धरून पाहिली आणि मगच टोपलीत टाकली.

संध्याकाळी मडकं फोडलं. शेंगांभोवती घातलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला. व्याह्यांनी चार शेंगा मिटक्या मारत खाल्ल्या आणि पाचवी मोबाइलच्या उजेडात सोलली.

दहा मिनिटांत त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि केतनशेठचा फोन आला. "मावशी, शेंगाशेंगांत अळ्या! हे काय पाठवलंत?"

 

"पाखरांचं जेवन हाय ते, शेठ. पाखरं तुमी घालवलीत, मग त्यांचं ताट दुसऱ्या कोनाला वाढू?"