दुसरा हुक

सेक्टर सहाच्या नव्याकोऱ्या क्वार्टरात गरोदर सुनेची ओटी भरायला बाया जमल्या आणि सासू भागीरथाच न्हाणीघरातून नाचत आली, “मी बाहेरची झाली वो!” बाया कुजबुजत सांगतात ते तिने गल्लीला ऐकवलं. चार महिने पाळी नव्हती, पुसाच्या थंडीतही अंगात भट्टी पेटायची. सुनेसोबत आपल्यालाही दिवस गेले, या लाजेने घास उतरत नव्हता. प्लांट उभारणाऱ्या नवऱ्याने सुनेच्या पाळण्याच्या हुकाशेजारी तिच्या पाळण्यासाठी छताला दुसरा हुकही बसवलेला. “दिवस गेले नाहीत, पाळी जायची वेळ आली, मागंपुढं व्हायचीच. पुरती थांबेपर्यंत मात्र दिवस जाऊ शकतात, जपा,” असं दवाखान्यातल्या नर्सने सांगूनही तिला पटलं नव्हतं. आता व्हरांड्यात गोणपाटावर वेगळी बसून ती खदखदून हसत होती. “आजच बसाचं होतं का तुले?” जाऊ करवादली. “सुनेची ओटी कोन भरन?” “कोनीबी भरा वो! पयले तो दुसरा हुक काढा!”